हशासाठी सोडलेली जागा

१९३५ साली विश्राम बेडेकरांनी ‘ठकीचे लग्न’ हा आखूड विनोदी बोलपट दिग्दर्शित केला, तेव्हा मराठी पडद्याला वाचा फुटून तीनच वर्षे झाली होती. प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला १९३२ साली. मधल्या काळात पडद्यावर राजे आले, ऋषी आले, संत आले, आणि जो आला तो बहुधा गातच आला. हसवायला कुणी आलेच, तर दोन गंभीर प्रवेशांच्या फटीत यायचे, चार वाक्ये बोलायचे, टाळी घ्यायचे आणि आत जायचे. अशा वेळी सबंध चित्रपट हसण्यावर उभा करायचा, आणि तोही राम गणेश गडकऱ्यांच्या ‘बाळकराम’ या विनोदी लेखनाच्या आधाराने, हे धाडस होते. चित्रपटाच्या इतिहासात मात्र ते एका ओळीत उरकले जाते. दामुअण्णा मालवणकरांचा सुरुवातीचा चित्रपट, एवढीच त्याची ओळख. दिग्दर्शकापुढे पेच कोणते होते आणि ते सोडवायला त्याच्या हाताशी काय होते, इकडे फारसे कुणी वळून पाहिलेले नाही. हे पुस्तक त्या पेचांविषयी आहे. म्हणून प्रस्तावना जरा लांबली, तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

मुख्य खेळाच्या जोडीला छोटा विनोदी खेळ ही कल्पना आपल्याकडे नवी नव्हती. पौराणिक नाटक संपल्यावर फार्स करण्याची चाल मराठी रंगभूमीवर एकोणिसाव्या शतकातच पडली होती. फाळक्यांनी मूकपटाच्या अगदी आरंभीच्या वर्षांत ‘पिठाचे पंजे’ हा छोटा विनोदी पट काढला होता. तिकडे अमेरिकेत तर मुख्य चित्रपटाआधी दोन रिळांचा विनोदी पट दाखवणे हा कार्यक्रमाचा ठरलेला भाग होता. लॉरेल आणि हार्डी ही जोडी तिथेच घडली. १९२९ साली ते पहिल्यांदा पडद्यावर बोलले, आणि मूकपटातले कितीतरी विदूषक बोलपटात मावळले असताना हे दोघे मात्र फुलले. ते का फुलले, याचे उत्तर या पुस्तकाच्या मुद्द्याशी जोडलेले आहे. तिकडे पुढे येईनच.

आधी मुद्दा सांगतो. विनोदी बोलपटाच्या दिग्दर्शकाचे पहिले काम म्हणजे हशाला जागा सोडणे. संवाद, नट, गाणी, नेपथ्य हे सगळे त्यानंतर. ऐकायला ही गोष्ट किरकोळ वाटते. पण १९३०च्या दशकातले बोलपट लक्ष देऊन पाहिले, की कोणता दिग्दर्शक हे जाणत होता आणि कोणता नव्हता, हे दहा मिनिटांत कळते.

आमच्या छत्रपती संभाजीनगरात हे समजावून सांगायला फार लांब जावे लागत नाही. डॉ. लक्ष्मण देशपांडे इथल्याच विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागातले. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ हा त्यांचा एकपात्री प्रयोग १९७९ साली सुरू झाला. एकच माणूस बावन्न पात्रे उभी करायचा, आणि हाताशी सामान म्हणाल तर एक उपरणे. हा प्रयोग मी पाहिला तो विनोद ऐकायला म्हणून. पण लक्षात राहिले ते देशपांड्यांचे थांबणे. वाक्य टाकले की ते थांबत. हशा उठे, चढे, आणि पूर्ण विरायच्या थोडे आधी, प्रेक्षक श्वास घेत असताना, पुढचे वाक्य येई. हशा पूर्ण विरू दिला तर पुन्हा पहिल्यापासून चढावे लागते, आणि घाई केली तर वाक्य हशात बुडते. प्रत्येक गावी, प्रत्येक रात्री ही जागा वेगळी. देशपांडे ती कानाने हुडकत. संत एकनाथ रंगमंदिरातला हशा आणि एखाद्या तालुक्याच्या गावी मंडपातला हशा यांची लांबी एक नसते, आणि नटाला ते त्याच क्षणी समजते.

बोलपटाच्या दिग्दर्शकाला हा कान नाही. तो चित्रण करतो तेव्हा समोर कोणीही हसत नसते. ध्वनिमुद्रण चालू असल्याने हसायला तर सक्त मनाई असते. सेटवरच्या त्या कडेकोट शांततेत बसून त्याला सहा महिन्यांनी, कुठल्याशा गावी, अंधारात बसलेल्या पाचशे माणसांच्या हशाची लांबी आधीच ठरवायची असते. एकदा फिल्म कापून जोडली की ती जागा कायमची. पुण्यात जास्त हसले म्हणून पडद्यावरचा नट थांबत नाही, आणि नागपुरात कमी हसले म्हणून तो उरकत नाही.

मूकपटाला हा प्रश्न पडलाच नव्हता. लोक कितीही हसले तरी बुडायला तिथे वाक्यच नव्हते. शिवाय मूकपटाच्या हाती वेगाचा एक हुकमी डाव होता. कॅमेऱ्याचे हँडल जरा सावकाश फिरवले की पडद्यावर माणसे भराभर पळत आणि नुसत्या पळण्याला हशा मिळे. ध्वनी आला आणि फिल्मचा वेग सेकंदाला चोवीस चौकटी असा जखडला गेला. वेग बदलला तर आवाज चिरका नाही तर घोगरा होतो. हजार फुटांचे रीळ आता अकरा मिनिटांत संपणार म्हणजे संपणारच. अशा रीतीने विनोदी दिग्दर्शकाचे सर्वांत जुने हत्यार एका रात्रीत बोथट झाले.

दुसरी अडचण कापण्याची. फिल्मवर चित्र आणि त्याचा आवाज शेजारीशेजारी छापलेले नसतात. प्रोजेक्टरमध्ये चित्राची खिडकी एकीकडे आणि आवाज वाचणारा भाग दुसरीकडे, म्हणून आवाज चित्राच्या सुमारे वीस चौकटी पुढे असतो. ‘आलम आरा’च्या काळी तर चित्र आणि आवाज दोन्ही एकाच फिल्मवर एकदम टिपले जात. नटाचा शेवटचा शब्द संपला तिथेच कात्री लावायची म्हटले, तर एक तर शब्दाचे शेपूट तुटायचे, नाही तर नको असलेला आवाज पुढच्या दृश्यात घुसायचा. त्यावर सोपा इलाज म्हणजे बोलण्याच्या आधी आणि नंतर नटाला थोडे गप्प उभे करायचे. आरंभीच्या कितीतरी बोलपटांत माणसे बोलून झाल्यावर उगीच उभी राहिलेली दिसतात ती यामुळे. या रिकाम्या जागा यंत्राच्या सोयीसाठी सोडलेल्या असतात. हशासाठी सोडलेली जागा तेवढ्याच लांबीची असली तरी तिच्यात काहीतरी चालू असते: कुणाचा तरी चेहरा ऐकलेले पचवत असतो, कुणी बोलायला तोंड उघडून मिटतो, कुणी पाहू नये तिकडे पाहतो. पुस्तकात पुढे एकेक प्रवेश घेऊन हा फरक दाखवला आहे. वाचकांनी तो डोळ्यांत भरवून घ्यावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

लॉरेल-हार्डी का टिकले, ते आता सांगता येईल. ते मुळातच संथ होते. इतर विदूषक धावत होते तेव्हा हे दोघे विचार करत होते, आणि त्यांचा विचार चेहऱ्यावर दिसत असे. काही आपटले, फुटले, कोसळले, की हार्डी कॅमेऱ्याकडे, म्हणजे थेट आपल्याकडे, बघतो. तो जेवढा वेळ बघतो तेवढी हशाची जागा. त्यांचे चित्रपट प्रदर्शनापूर्वी प्रेक्षकांना दाखवून, हशा कुठे किती लांबला ते पाहून, पुन्हा कापले जात. शिवाय ध्वनीचा एक नवा उपयोग त्यांच्या दिग्दर्शकांना सापडला होता: दाखवायचे नाही, नुसते ऐकवायचे. जेम्स पॅरटने १९३२ साली केलेल्या ‘द म्युझिक बॉक्स’मध्ये दोघे पियानो घेऊन उंच जिना चढतात. तीन रिळांचा पट, गोष्ट एवढीच. त्यातला पियानो घरंगळू लागला की आतल्या तारा झंकारतात, आणि पुढे पुढे तो नुसता झंकार ऐकला तरी प्रेक्षकाला हसू फुटते. फ्रान्समध्ये रने क्लेअर याच सुमारास वेगळ्या वाटेने त्याच जागी पोचला होता. डोळ्यांना दिसते तेच कानांना पुन्हा सांगू नये, हे त्याचे सूत्र. आवाजाने चित्राची री ओढायची नाही, हे विनोदात जितके खरे आहे तितके दुसऱ्या कुठल्याही प्रकारात नसेल.

बेडेकरांपुढे मात्र एक खास मराठी अडचण होती, आणि तिचे नाव गडकरी.

गडकरी १९१९ साली गेले. ‘ठकीचे लग्न’ आले तेव्हा त्यांना जाऊन सोळा वर्षे झाली होती आणि ‘बाळकराम’ मराठी घरांत मोठ्याने वाचला जात होता. त्यातल्या ‘रिकामपणची कामगिरी’मधली ठकीच्या लग्नाची मोहीम वाचकांच्या जिभेवर होती. आता या विनोदाची घडण पाहा. लांबच लांब वाक्ये, एकाला लागून एक उपमा, अनुप्रासांची रांग, कोटीच्या पोटात कोटी. हसवणारे पात्र खरे म्हणजे एकच: सांगणारा बाळकराम. बाकीची मंडळी त्याच्या वाक्यांतून जगतात. वाचक आपल्या चालीने वाचतो, कोटीशी थांबतो, मागे जाऊन पुन्हा वाचतो, शेजारच्याला ऐकवतो. पडद्यावर कोटी एका सेकंदात निघून जाते. तिच्या पाठोपाठ दुसरी आली तर पहिलीच्या हशात दुसरी मरते, आणि गडकऱ्यांकडे तर चौथी-पाचवीही दारात उभी असते. सगळ्या ठेवाव्यात तर एकही ऐकू येत नाही. गाळाव्यात तर गडकऱ्यांचे भक्त खवळतात.

म्हणजे दिग्दर्शकाला निवड करणे भाग होते. शब्दांतला विनोद कमी करून प्रसंगातला वर काढायचा. बाळकरामने जे सांगितले ते आता दिसायला हवे, आणि जे दिसते ते पुन्हा सांगायचे नाही. लेखकाला हे अवघड जाते. बेडेकर स्वतः लेखक होते. बळवंत संगीत मंडळीसाठी त्यांनी ‘ब्रह्मकुमारी’ हे नाटक लिहिले होते, आणि याच मंडळीच्या बळवंत पिक्चर्ससाठी चिंतामणराव कोल्हटकरांबरोबर ‘कृष्णार्जुन युद्ध’ हा बोलपट दिग्दर्शित केला होता. दुसऱ्याच्या, त्यातून गडकऱ्यांच्या, शब्दांवर कात्री चालवायची तर लेखकाच्या मनावर दगडच ठेवावा लागतो. पण माझे मत असे, की हे काम लेखकानेच करावे. कोणता शब्द गेला तरी चालेल हे त्यालाच नीट कळते.

आणि मग दामुअण्णा. बळवंतमध्ये त्यांनी गडकऱ्यांच्याच ‘भावबंधन’मधला कामण्णा वर्षानुवर्षे केला होता. गडकऱ्यांच्या वाक्याला हशा कुठे येतो, किती येतो, तो ओसरायला किती वेळ लागतो, हे त्यांच्या अंगात मुरले होते. अमेरिकेतले लोक चित्रपट दाखवून हशा मोजत. आपल्याकडे ते मोजमाप नटांच्या शरीरात शेकडो प्रयोगांतून आधीच भरलेले होते. अशा नटाला हाताशी धरणे हा दिग्दर्शकाचा अर्धा विजय. पण निम्माच. रंगभूमीवरचा नट ध्वनिवर्धकाशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकायला शिकलेला असतो. तोच आवाज मायक्रोफोनसमोर लावला की ओरडल्यासारखा होतो, आणि ओरडणाऱ्या माणसाचे हसू येत नाही. त्याला सांगावे लागते: अण्णा, इथे शेवटची रांग नाही, प्रेक्षक तुमच्या नाकासमोर बसला आहे. वय, मान आणि नाव या तिन्हींनी मोठ्या असलेल्या नटाला हे सांगताना तरुण दिग्दर्शकाला किती जपून बोलावे लागत असेल, याची कल्पना नाटकात वावरलेल्या कुणालाही येईल. बेडेकर तेव्हा तिशीच्याही आत होते.

दामुअण्णांच्या डोळ्यांत तिरळेपणा होता. नाटकात पहिल्या चार-पाच रांगांना तो दिसे, मागच्यांना कळे तो त्यांच्या मानेच्या झोकावरून. पडद्यावर जवळचे दृश्य घेतले की ते डोळे हातभर मोठे होतात. एक डोळा समोरच्या माणसाकडे, दुसरा भलतीकडे. हा माणूस नेमका कुणाशी बोलतो आहे, हे समोरच्या पात्रालाही कळत नाही, आणि त्या न कळण्यात क्षणभराचा खंड पडतो. हशाची जागा आपोआप तयार होते. पण असा चेहरा हाती असला की दिग्दर्शकाला मोह पडतो. उठसूट तो दाखवला की चौथ्या वेळी हसू आटते, आणि पुढे पुढे माणसाच्या व्यंगाला आपण हसलो याची टोचणी तेवढी उरते. दामुअण्णांचे मोठेपण असे, की त्यांचा विनोद डोळ्यांवर थांबला नाही. तो बोलण्याच्या गतीत होता. वाक्याच्या मध्येच एखाद्या शब्दाशी ते अडखळल्यासारखे करत, आणि तो शब्द आला की हमखास हशा पडे.

व्यंगाचा विषय निघालाच आहे, तर ठकीविषयीही बोलले पाहिजे. लग्न न जमणारी मुलगी आणि तिच्यासाठी स्थळे धुंडाळणारी पुरुषमंडळी, हा ‘ठकी’चा गाभा. गडकऱ्यांनी लग्नाच्या बाजारावर जे कोरडे ओढले ते आजही झणझणतात. पण मुलीच्या रूपावरचा विनोद मला आज वाचताना सलतो. कागदावर ठकी म्हणजे एक नाव आणि वर्णन. पडद्यावर तिला चेहरा द्यावा लागतो, आणि तो चेहरा कुणातरी खऱ्या मुलीचा असतो. मग प्रेक्षकाने हसायचे कुणाला, हे कॅमेरा कुठे ठेवला यावर ठरते.

समजा, मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम चालू आहे. बैठकीत चार पाहुणे, मध्ये पोह्यांच्या बशा, मुलगी खाली मान घालून बसलेली. मुलाचा मामा विचारतो, ‘स्वयंपाक येतो का?’ आता कॅमेरा मुलीच्या चेहऱ्यावर नेला, तर हसू तिच्या वाट्याला जाते. तेच, मुलीला पाठमोरी ठेवून मामाकडे पाहत राहिलो, आणि प्रश्न विचारताना त्याचा चमचा बशीत पोहे गोळा करतच राहिला, उत्तर येण्याआधीच त्याचा घास तोंडात गेला, तर हशा त्याच्या वाट्याला. शब्द तेच, प्रसंग तोच. चमच्याचा बशीवर होणारा बारीक आवाज ऐकवला तर आणखी वरचढ, कारण मुलगी गप्प असताना खोलीत तेवढाच आवाज असतो. १९३५च्या मायक्रोफोनला हा आवाज टिपता येत होता. अडचण होती ती इतर सगळे आवाज बंद करण्याची. दिवे गुणगुणत, कॅमेरा घरघरत, बाहेर टांगा जाई. शांतता ही त्या काळी स्टुडिओतली सर्वांत महागडी वस्तू होती, आणि विनोदाला सर्वांत जास्त लागायची ती तीच.

या पुस्तकात असे काही प्रसंग अभ्यासासाठी रचून दिले आहेत. जुन्या चित्रपटांतून उचललेले ते नव्हेत. त्या काळच्या यंत्रसामग्रीत दिग्दर्शकापुढे कोणकोणत्या वाटा मोकळ्या होत्या, ते विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावे, एवढाच त्यांचा हेतू.

‘ठकीचे लग्न’मधून जी वाट निघाली ती कोल्हापूरला जाऊन रुंदावली. १९३६ साली मास्टर विनायक, बाबूराव पेंढारकर आणि पांडुरंग नाईक यांनी हंस पिक्चर्स काढली. विनायक दिग्दर्शक आणि नट, नाईक कॅमेऱ्यामागे, लेखक आचार्य अत्रे. त्यांचा ‘ब्रह्मचारी’ १९३८चा. तो पूर्ण लांबीचा चित्रपट, पण त्याची बांधणी पाहिली तर ती छोट्या विनोदी पटांची माळ आहे. औदुंबर नावाचा साधा तरुण ब्रह्मचर्यावरचे एक जळजळीत व्याख्यान ऐकतो, खोलीतल्या नट्यांच्या तसबिरी फेकून देतो, व्यायाम करू लागतो, आचार्य चंडीरामांच्या संस्थेत दाखल होतो. चंडीराम अर्थात दामुअण्णा. मग किशोरी येते आणि सगळा निश्चय डळमळतो. किशोरी झालेल्या मीनाक्षी शिरोडकरांच्या पोहण्याच्या पोशाखातल्या गाण्याचीच चर्चा पुढे इतकी झाली की बाकीचा चित्रपट त्या पाण्यात बुडाला. मला त्या गाण्याहून औदुंबराचा चेहरा मोलाचा वाटतो. गात असते किशोरी, पण हसू येते ते न पाहण्याची पराकाष्ठा करणाऱ्या माणसाला. औदुंबर झालेले विनायक स्वतःच दिग्दर्शक असल्याने आपण काय करतो आहोत ते त्यांना कॅमेऱ्यामागून पाहता येत नव्हते. तिथे नाईकांचा डोळा कामी आला. विनोदी बोलपटात छायालेखकाला दिग्दर्शकाइतकेच श्रेय द्यावे, या मताचा मी आहे.

अत्र्यांचे संवाद गडकऱ्यांच्या मानाने आखूड. अत्रे गडकऱ्यांचे भक्त असले तरी त्यांचा विनोद सभेत घडलेला. वाक्य टाकून थांबणे त्यांना व्यासपीठावर साधलेले. म्हणून त्यांचे लेखन पडद्याला मानवले. १९४० साली नवयुग कंपनीसाठी विनायकांनी चिं. वि. जोशींच्या चिमणरावाला ‘लग्न पहावे करून’मध्ये आणले. चिमणराव दामुअण्णा, गुंड्याभाऊ विष्णुपंत जोग. पुन्हा लग्नाचीच गोष्ट. जोशींचा विनोद तर आणखी हळुवार. चिमणरावाला स्वतःला आपण विनोदी आहोत याचा पत्ताच नसतो. अशा पात्राला कॅमेऱ्याने दुरून पाहायचे असते. आणि दामुअण्णा-जोग ही जोडी जमली याचे कारण साधे आहे: एक बोलत असताना दुसरा ऐकत असे. खरोखर ऐकत असे. विनोदी चित्रपटात ऐकणाऱ्या नटाची किंमत बोलणाऱ्याइतकीच असते, कारण हशाच्या वेळात पडदा त्याच्या ताब्यात असतो.

बेडेकर पुढे विलायतेला गेले, परतीच्या बोटीच्या अनुभवातून ‘रणांगण’ लिहिले, आणि १९३९ नंतर वाचकांनी त्यांना कादंबरीकार म्हणून ओळखले ते कायमचे. ‘पहिला पाळणा’, ‘नगद नारायण’ अशा पुढच्या चित्रपटांत त्यांचा विनोद चालूच राहिला, तरी चरित्रकारांचे लक्ष ‘रणांगण’कडे आणि ‘टिळक आणि आगरकर’ या नाटकाकडे. त्यांच्या आत्मचरित्राचे नाव ‘एक झाड आणि दोन पक्षी’. उपनिषदातल्या त्या दोन पक्ष्यांपैकी एक फळ खातो, दुसरा नुसता पाहतो. या आत्मचरित्राला १९८५चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आपल्याच आयुष्याकडे दुरून पाहण्याची ही सवय त्यांना कुठून लागली, याचा विचार करताना मला पुष्कळदा त्यांचे स्टुडिओतले दिवस आठवतात. नट आणि लेखक यांना प्रसंगात शिरावे लागते. दिग्दर्शकाला शिरून पुन्हा बाहेर येऊन पाहावे लागते, आणि विनोदात तर घटकेघटकेला.

हे सगळे मराठवाड्यातल्या माणसाने का लिहावे, असा प्रश्न काही मित्रांनी विचारला. मराठी बोलपटाची गावे कोल्हापूर, पुणे, सांगली, मुंबई. १९३५ साली आमचे हे शहर, तेव्हाचे औरंगाबाद, निझामाच्या हैदराबाद संस्थानात होते. सरकारदरबारची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. गडकऱ्यांच्या कोट्या समजायला जी मराठी लागते ती शाळेत धड मिळत नव्हती. पण म्हणूनच हा विषय आमचा आहे, असे मला वाटते. शब्दांवर उभा असलेला विनोद भाषेच्या वेशीपाशी अडतो. चेहऱ्यावर, थांबण्यावर, ऐकवलेल्या पण न दाखवलेल्या धडपडीवर उभा असलेला विनोद पुढे जातो. दखनी मिसळलेल्या आमच्या बोलीत हसणाऱ्या माणसाला पुण्याची कोटी एक वेळ कळणार नाही. पोहे गोळा करणारा मामा कळतो. बोलपटाचा दिग्दर्शक शब्द कमी करतो तेव्हा तो नुसता वेळ वाचवत नसतो; आणखी एका गावाला आत घेत असतो. पुढे याच बोलीला देशपांड्यांनी रंगमंचावर मानाने बसवले आणि पुण्या-मुंबईचे प्रेक्षक तिच्यावर हसता हसता तिच्या प्रेमात पडले, तेही पुष्कळसे त्या थांबण्याच्या बळावर.

आज या शहरात चित्रपट शिकवला जातो, महोत्सव भरतात, मुले मोबाइलवर दोन-दोन मिनिटांचे विनोदी पट करतात. त्यांतले बरेचसे मी आवडीने पाहतो. कल्पना चांगल्या असतात, बोली रसरशीत असते, नट बिनधास्त असतात. खटकते ते एवढेच, की जागा सोडलेली नसते. वाक्यावर वाक्य, कापावर काप, आणि हसू येईल की नाही या धास्तीने मागून वाजवलेला तयार हशा. तो तयार हशा म्हणजे दिग्दर्शकाने आपले काम प्रेक्षकांच्या वतीने परस्पर उरकणे होय. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. या मुलांच्या हातात आज जी साधने आहेत ती बेडेकरांना किंवा विनायकांना स्वप्नातही मिळाली नसती, आणि त्या साधनांना साजेसा कान त्यांना लाभावा, अशी मनापासूनची इच्छा आहे.

पुस्तक वाचण्याच्या रीतीविषयी थोडे. तंत्राचे प्रकरण आधी वाचावे, जरी ते थोडे कोरडे असले तरी. मायक्रोफोन आणि कात्री समजल्याखेरीज पुढच्या प्रकरणांतली चर्चा हवेत राहील. ‘बाळकराम’ हाताशी ठेवावा. ‘ब्रह्मचारी’ तीनदा पाहावा: एकदा सरळ, एकदा आवाज बंद करून, आणि एकदा डोळे मिटून नुसता ऐकून. दुसऱ्या वेळी जिथे हसू आले ती ठिकाणे आणि तिसऱ्या वेळी जिथे आले ती ठिकाणे वेगवेगळ्या कागदांवर लिहून काढावीत. दोन्ही याद्यांत जी सापडतात ती थोडी असतील. तिथे विनायकांनी किती सेकंद सोडले आहेत, ते घड्याळ लावून मोजावे, आणि मग चौथे प्रकरण उघडावे.